मुलाच्या अंगावरचे डाग आणि ‘म्हाताऱ्या पेशी’ : मास्टोसायटोसिसबद्दल कुणी सांगेल का?

कृष्णाकाठची
१८ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. सात महिन्यांचा असताना पाठीवर दोन तपकिरी डाग दिसले, मसुराएवढे. वाटलं, जन्मखूण उशिरा उमटली असेल. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशी साय आणि डाळीचं पीठ लावून चोळायला लागल्या की बाकीचं अंग जसंच्या तसं, आणि नेमके ते डागच टरारून वर यायचे, लाल व्हायचे, भोवती गांधी उठायची. सासूबाईंनी पित्त म्हणून आमसुलाचं पाणी लावलं. डाग वाढले तेव्हा एका दवाखान्यात खरूज सांगितली. घरातल्या सहाही जणांनी मानेपासून तळव्यापर्यंत लोशन लावलं, चादरी उकळल्या. लोशन चोळून लावायचं होतं, त्या रात्री पोरगं लालेलाल झालं आणि पहाटेपर्यंत खाजवत होतं. आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी मिरजेतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी घसा बघायची लाकडी पट्टी घेतली, एका डागावर चार-पाच वेळा घासली आणि मला म्हणाल्या, “आता घड्याळ बघा.” तीन मिनिटं झाली नसतील, डाग फुगून आला. म्हणाल्या, याला डारिएची खूण म्हणतात, हे खरूज नाही, पित्तही नाही. मग बायोप्सी झाली. रिपोर्टात मास्ट पेशींचा गठ्ठा असं आलं. निदान त्वचेचा मास्टोसायटोसिस, म्हणजे त्वचेत मास्ट पेशी जास्त साचणं. ट्रिप्टेज, म्हणजे या पेशी सोडतात ते प्रथिन, रक्तात ६.२. बाई म्हणाल्या की लहानपणी सुरू झालेल्यांत बऱ्याच मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिके होतात, काळजी घ्यायची ती फक्त डिवचणाऱ्या गोष्टींची.

मी शांत झाले होते. पण परवा रात्री मोबाइलवर वाचता वाचता एक वाक्य दिसलं, की या आजारात त्वचेतल्या मास्ट पेशींमध्ये पेशींच्या वार्धक्याच्या खुणा शोधतात. वार्धक्य! साडेतीन वर्षांच्या लेकराच्या कातडीत? म्हणजे तो लवकर म्हातारा होणार का? अकाली म्हातारी होणारी मुलं टीव्हीवर दाखवतात, तसलं काही? डॉक्टरबाईंची वेळ पुढच्या महिन्यात आहे. तोवर मला झोप लागणार नाही. घरात एकीने तर विचारलंसुद्धा, ग्रहणात काही चिरलं होतंस का.

माहुलीची आजी
१९ ऑगस्ट, सकाळी ६:१५

बाळा, आधी ग्रहणाचं डोक्यातून काढ. माझ्या धाकट्या लेकीला हेच होतं. तेव्हा नाव कुणाला माहीत नव्हतं, आम्ही ‘चित्ती’ म्हणायचो. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे कळलं. सहावीत जाईपर्यंत पाठ भरलेली होती. नववीत दिसेनासे झाले. आज ती दोन मुलांची आई आहे, केस माझ्यापेक्षा काळे आहेत.

चोळणं बंद कर. मी तेल नुसतं हाताने पसरायची. टॉवेल टिपायचा, घासायचा नाही. पाणी कोमट.

स्लाइडखाली
१९ ऑगस्ट, दुपारी २:०५

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, मिरजेतच शिकले, रोज स्लाइडी बघते. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा उपचाराचं तुमच्या डॉक्टरच सांगतील. पण त्या एका शब्दाने तुमची झोप गेली आहे, त्याबद्दल मी नक्की बोलू शकते.

पहिलं उत्तर : नाही. तुमचा मुलगा लवकर म्हातारा होणार नाही. अकाली वार्धक्याचा जो आजार तुम्ही टीव्हीवर पाहिलात, तो वेगळ्या जनुकाचा, सगळ्या शरीराचा आजार आहे. इथे गोष्ट चाललीय डागातल्या मूठभर पेशींची. आणि तिथे ‘म्हातारी’ हा शब्द भीतीचा नाही, उलट आशेचा आहे. कसं ते सांगते.

मास्ट पेशी आपल्या सगळ्यांच्या त्वचेत असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांना हे नाव दिलं. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे खाऊ घालून पोसणं. पेशी इतकी कणांनी ठासून भरलेली की त्याला ती पोसलेली वाटली. त्या कणांत खाज-सूज आणणारं हिस्टॅमिन, शिवाय हेपॅरिन, ट्रिप्टेज असतं. मुलाच्या बायोप्सीवर टोल्युइडिन ब्लू हा रंग टाकला असेल तर आजूबाजूचं सगळं निळं आणि या पेशींतले कण जांभळे दिसतात, पिकल्या जांभळाच्या सालीसारखे. एर्लिखने हाच रंगपालट पाहिला होता आणि आम्ही आजही त्यावरच ओळखतो. नंतर खात्रीसाठी सीडी११७ लावतो. सीडी११७ म्हणजे किट नावाचं प्रथिन, पेशीच्या अंगावरचं.

आजाराचं मूळ त्या किटमध्ये आहे. एका जनुकात एका जागी अक्षर बदलतं आणि किट बाहेरून निरोप आला नसतानाही ‘वाढा, वाढा’ सांगत राहतं. हा बदल मुलाच्या शरीरातल्या एखाद्या पेशीत आपोआप घडलेला असतो. बहुतेकांमध्ये तो आईकडूनही येत नाही, बापाकडूनही नाही. ग्रहण तर कुठेच नाही.

आता प्रश्न असा. ‘वाढा’ म्हणणारं बटण अडकलेलं आहे, तर मग मुलांचे डाग वाढतच का जात नाहीत? बऱ्याच मुलांत ते एका जागी येऊन थांबतात आणि मग विरतात. असं का? इथेच त्या वार्धक्याच्या खुणा येतात. संध्याकाळी उरलेलं लिहिते, आता स्लाइडी वाट बघतायत.

निडवा
१९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

मॅडम येईपर्यंत मी थोडं लिहितो. मी वाळव्याकडचा, ऊस करतो, बीएस्सीपर्यंत शिकलोय. पुतणीला असाच एकच मोठा डाग दंडावर होता, तेव्हा वाचून काढलं होतं.

पेशीचं म्हातारपण म्हणजे मी असं समजलो. ऊस लावला, तोडला, खोडवा आला. पुन्हा तोडला, निडवा आला. पण किती वेळा फुटेल? एका वेळेला ते बेट थांबतं. मेलं नाही, हिरवं दिसतं, पण फुटवा नाही. लेनर्ड हेफ्लिक नावाच्या माणसाने १९६१ मध्ये माणसाच्या पेशींचं हेच दाखवलं. काचेच्या भांड्यात त्या पन्नासएक वेळा विभागतात आणि थांबतात. जिवंत राहतात, पण दोनाच्या चार होत नाहीत. दर विभाजनाला रंगसूत्राच्या टोकाची, टेलोमिअरची, झीज होते म्हणून. त्या टोकांच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं.

स्लाइडखाली
१९ ऑगस्ट, रात्री ९:३०

निडवादादा, खोडव्याचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. फक्त एक भर घालते, कारण ताईंच्या मुलाच्या बाबतीत तीच महत्त्वाची आहे.

झिजून थांबणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता १९९७ मध्ये समोर आला. निरोगी पेशीत कर्करोगाकडे ढकलणारं जनुक मुद्दाम घातलं, तर ती बेफाम वाढेल असं वाटेल. पण झालं उलटं. पेशीने धोका ओळखला आणि विभाजनच बंद केलं. म्हणजे ही पेशी वयाने म्हातारी नाही. कुणीतरी तिला जोरात पळवायला लागलं म्हणून तिने मुद्दाम बसकण मारली. हे काम पी१६, पी२१, पी५३ अशी प्रथिनं करतात.

आणि याचा नमुना आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहे : तीळ. साधा काळा तीळ. त्यातल्या रंगपेशींत पुष्कळदा बीआरएएफ या जनुकात बदल असतो, आणि तोच बदल त्वचेच्या मेलॅनोमा या भयंकर कर्करोगातही सापडतो. तरी तीळ आयुष्यभर तेवढाच राहतो. २००५ मध्ये दाखवलं गेलं की तिळातल्या पेशी या थांबलेल्या अवस्थेत असतात, त्यांच्यात पी१६ भरलेलं असतं. आजीच्या हनुवटीवरचा तीळ साठ वर्षं तेवढाच का, याचं उत्तर हे.

मग मास्ट पेशींना तोच प्रश्न विचारणं साहजिक आहे. किट त्यांना पळवतंय. त्या बसकण मारतायत का? मुलांचा डाग एका मापाला येऊन थांबतो तो त्यामुळे का? म्हणून संशोधक बायोप्सीत त्या खुणा शोधतात. तुम्ही वाचलेलं वाक्य या शोधातलं आहे. तुमच्या लेकराच्या वयाशी त्याचा संबंध नाही. त्या पेशींना ब्रेक लागला आहे का, एवढंच ते विचारतंय.

कृष्णाकाठची
१९ ऑगस्ट, रात्री १०:१५

मॅडम, तीनदा वाचलं. नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. आज पहिल्यांदा घशाखाली घास नीट उतरला.

पण एक समजत नाही. पेशी थांबल्या असतील, बसल्या असतील, तर टॉवेल लागला की डाग फुगतो कसा? परवा तापाचं औषध दिलं, त्यात पॅरासिटॅमॉलबरोबर आयबुप्रोफेनही होतं हे नंतर बाटली वाचून कळलं. अर्ध्या तासात चेहरा, कान, छाती लालबुंद. थांबलेली पेशी एवढं कसं करते?

निडवा
१९ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, आमच्याकडे नदीवरच्या मोटारी थ्री फेजवर चालतात. पाळी संपली की थ्री फेज जाते, मोटर बंद, पाटात पाणी नाही. पण घरात सिंगल फेज चालूच असते. दिवा जळतो, पंखा फिरतो, आणि ओल्या हाताने बटण धरलं तर शॉकही बसतो. मोटर बंद म्हणून वायर मेलेली नसते.

तसंच असणार. विभाजनाची मोटर बंद. बाकी घर चालू.

स्लाइडखाली
२० ऑगस्ट, सकाळी ७:२०

अगदी असंच. वार्धक्याला गेलेली पेशी मेलेली नसते, उलट बडबडी असते. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ असे निरोप आजूबाजूला सोडत राहते. मास्ट पेशीचे कण तर तिच्या पोटात तयारच आहेत. घासलं, ऊन लागलं, गरम पाणी पडलं, ठरावीक औषध गेलं, की कण बाहेर. ‘थांबलेली’ म्हणजे ‘मुकी’ नव्हे. त्यामुळे ब्रेक लागलेला असो वा नसो, पथ्य तेच राहतं. डाग पूर्ण सपाट होऊन घासल्यावरही फुगेनासा होत नाही तोवर.

औषधांचं लिहिते, कारण तापाच्या बाटलीचा अनुभव पुष्कळ जणांना येतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नाही. नुसतं पॅरासिटॅमॉल बहुतेकांना सोसतं. आपल्याकडे तापाच्या कित्येक बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात, तेव्हा दुकानदाराने बाटली ठेवली की नाव नव्हे, मागची बारीक अक्षरं वाचायची. भूल द्यायची वेळ आली, अगदी दाताची, तरी आधी सांगायचं. लसी मात्र चुकवू नका. टोचल्यावर दवाखान्यात थोडं जास्त वेळ थांबा, इतकंच.

अजिंक्यतारा
२० ऑगस्ट, रात्री ८:५५

मी साताऱ्याचा, वय ४६. हा धागा वाचून दोन दिवस घुटमळलो, मग लिहायला बसलो.

मला डाग एकतिसाव्या वर्षी आले. मांड्यांवर, बारीक बारीक, तिखटाची बुकी सांडल्यासारखे. तेव्हापासून गेले नाहीत, वाढलेच. सात वर्षांपूर्वी सज्जनगडाच्या वाटेवर आग्या मोहोळ उठलं, मला दोनच माश्या चावल्या. बरोबरच्या मित्राला आठ. तो चालत खाली आला. मी पायरीवरच पडलो, डोळ्यांपुढे अंधार, रक्तदाब लागेना. तिथून पुढे तपासण्या. ट्रिप्टेज ३८. हाडाच्या मगजाची तपासणी झाली, किटमध्ये डी८१६व्ही नावाचा बदल सापडला. माझा आजार फक्त त्वचेचा नाही, सर्वांगीण आहे, पण संथ प्रकारचा. नंतर गव्हाचं पोतं उचलताना मणका दबला, तेव्हा कळलं की हाडंही विरळ झालीत.

स्लाइडखाली मॅडम, माझा प्रश्न मनापासून आहे. मुलांच्या पेशी थांबतात असं धरलं, तर माझ्या का थांबत नाहीत? पंधरा वर्षं झाली.

स्लाइडखाली
२१ ऑगस्ट, दुपारी १:४०

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

मोठ्या माणसांचा आणि मुलांचा आजार एकाच नावाखाली आहे, पण वाट वेगळी आहे. मोठेपणी सुरू झालेल्यांत बहुतेकदा बदल हाडाच्या मगजातल्या मूळ पेशीत झालेला असतो. त्वचेत दिसतात ती तिची पिल्लं. समजा मांडीतली एक मास्ट पेशी थांबलीही, तरी वरून नवी येत राहते. विहिरीत झरा जिवंत असताना बादल्यांनी तळ दिसत नाही. मुलांमध्ये पुष्कळदा गोष्ट त्वचेपुरती राहते, त्यामुळे तिथे जे आहे ते थांबलं की डागाचं वाढणंही थांबू शकतं. तुमच्या पेशी म्हाताऱ्या होत नाहीत असा याचा अर्थ नाही. पुरवठा चालू आहे, असा अर्थ आहे.

डागाच्या रूपातही हा फरक दिसतो. मुलांचे डाग बहुधा लहानमोठे, वेडेवाकडे, काही जाड. मोठ्यांचे एकसारखे, बारीक, गोल, तुम्ही म्हणालात तसे बुकी सांडल्यागत. २०१६ पासून तज्ज्ञ या दोन रूपांना वेगळं मोजतात. ज्या मुलांना एकसारखे बारीक डाग असतात, त्यांच्यात आजार मोठेपणापर्यंत टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवतात. कृष्णाकाठची ताई, तुमच्या मुलाचे कसे आहेत ते डॉक्टरबाईंना मुद्दाम विचारा.

ट्रिप्टेजचंही सांगते. साधारण ११.४ पर्यंत नेहमीचं धरतात. २० च्या वर कायम राहिलं तर तो सर्वांगीण आजाराच्या निकषांपैकी एक आहे, एकट्यावर निदान होत नाही. दादांचे ३८ आणि बाळाचे ६.२ यांत म्हणूनच फरक आहे. दादा, हाडांची घनता दर काही वर्षांनी मोजताय ना?

अजिंक्यतारा
२१ ऑगस्ट, रात्री ९:१०

मोजतो. विहिरीचं पटलं. आजवर कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

औषधांबद्दल एक. इमॅटिनिब हे किटवरचं जुनं औषध, पण डी८१६व्ही असलेल्यांवर ते चालत नाही. मिडोस्टॉरिनला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, ती आक्रमक प्रकारांसाठी. ॲव्हाप्रिटिनिब नेमकं डी८१६व्हीलाच धरतं, त्याला २०२१ मध्ये आक्रमक आणि २०२३ मध्ये माझ्यासारख्या संथ प्रकारासाठी तिथे मान्यता मिळाली. मला तूर्त गरज नाही असं पुण्याचे डॉक्टर म्हणतात. मी रोज अँटिहिस्टॅमिन घेतो, पोटासाठी फॅमोटिडिन.

आणि ताई, मधमाशीचं मनावर घ्या. माझ्यासारखा झटका आला तर टोचायचं ॲड्रेनॅलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. मी ॲम्पूल, सिरिंज आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद एका डबीत ठेवतो. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बायकोला आणि शेजारच्या दोघांना शिकवून ठेवलंय. मुलाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा बाळासाठी लागतं का आणि किती, ते बाईंकडून लिहूनच घ्या. तासगावकडे द्राक्षाच्या बागेत नेत असाल तर जास्तच जपा.

बेदाणा
२२ ऑगस्ट, सकाळी ११:००

मदत व्हावी म्हणून सांगते. म्हाताऱ्या पेशी शरीरातून काढून टाकणारी पावडर मिळते, क्वर्सेटिन आणि फिसेटिन. माझे भाऊजी गुडघ्यांसाठी घेतात. क्वर्सेटिन कांद्यात, सफरचंदातही असतं म्हणजे नैसर्गिकच. बाळाला चिमूटभर दुधातून देऊन बघायला काय हरकत आहे? टेलोमिअर मोजायची रक्ताची टेस्टही आहे, तीही करून घ्यावी.

स्लाइडखाली
२२ ऑगस्ट, दुपारी १:१५

बेदाणाताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, म्हणून सविस्तर लिहिते. कृपा करून बाळाला देऊ नका, आणि ताई, तुम्हीही कुणी आग्रह केला तरी घेऊ नका.

२०१५ मध्ये म्हाताऱ्या पेशी मारणारी पहिली जोडी म्हणून जी पुढे आली, त्यात क्वर्सेटिनच्या जोडीला डॅसॅटिनिब होतं. डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. ते किटलाही दाबतं, म्हणून मोठ्यांच्या सर्वांगीण आजारात ते देऊन पाहिलं गेलं होतं. साडेतीन वर्षांच्या त्वचेच्या डागांसाठी तो खेळ नाही. राहिलं क्वर्सेटिन. कांद्यातलं वेगळं आणि डब्यातल्या पावडरीतलं वेगळं. त्या डब्यात आणखी काय आहे, रंग आहे का, गंध आहे का, हे आपल्याला माहीत नाही, आणि या मुलाची मास्ट पेशी कशाला भडकेल ते आधी सांगता येत नाही.

आणि मूळ विचारच उलटा होतो बघा. डागातल्या पेशी खरोखर थांबल्या असतील तर तो मुलाच्या शरीराने स्वतः लावलेला ब्रेक आहे. तो तिथेच असू द्यावा.

टेलोमिअरच्या टेस्टबद्दल. रक्ताच्या टेस्टमध्ये पांढऱ्या पेशींची टोकं मोजतात. पाठीवरच्या डागातली मास्ट पेशी त्या नळीत येतच नाही. शिवाय वर लिहिलं तसं, ब्रेक लावून थांबलेल्या पेशीची टोकं झिजलेली असायलाच पाहिजेत असं नाही. तेव्हा पैसे खर्च करून आलेल्या आकड्यातून बाळाबद्दल काहीच कळणार नाही.

याच ओघात माझ्या टेबलाकडचं थोडं सांगते, कारण ‘खुणा’ म्हटलं की रिपोर्टावर एक होकार किंवा नकार येतो असं वाटतं. तसं नसतं. पी१६ मी रोज लावते, पण गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी. तिथे विषाणूमुळे कर्करोगाकडे निघालेल्या पेशी पी१६ ने गडद तपकिरी होतात, आणि त्या अजिबात थांबलेल्या नसतात, भराभर वाढत असतात. तेच प्रथिन, तोच तपकिरी रंग, अर्थ विरुद्ध. म्हणून एकटं पी१६ बघून पेशी म्हातारी असं म्हणता येत नाही. सोबत पी२१ बघायचं, विभाजनाची खूण असलेलं केआय-६७ नाही ना ते बघायचं, केंद्रकाच्या भिंतीतलं लॅमिन-बी१ उतरलंय का ते बघायचं. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ ही १९९५ पासूनची प्रसिद्ध निळी खूण आहे, पण तो विकर आहे, त्याला ताजा किंवा गोठवलेला तुकडा लागतो. फॉर्मेलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेल्या तुकड्यात तो मेलेला असतो. तुमच्या मुलाचा तुकडा फॉर्मेलिनच्या डबीतूनच गेला असणार. त्यात भर म्हणजे मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशीही ती निळी खूण दाखवतात, म्हाताऱ्या नसतानाही.

शिवाय डागात सगळ्याच मास्ट पेशी नसतात. फायब्रोब्लास्ट आहेत, रक्तवाहिन्यांच्या पेशी आहेत, वर रंगपेशी आहेत, ज्यांच्यामुळे डाग तपकिरी दिसतो. म्हणून एकाच स्लाइडवर दोन रंग लावावे लागतात, एक ‘ही मास्ट पेशी आहे’ सांगणारा आणि दुसरा ‘ही थांबलीय’ सांगणारा. दोन्ही रंग एकाच पेशीवर बसले तरच बोलायचं. तासन्‌तास मोजणी असते. हे संशोधनाचं काम आहे. निदानाच्या निकषांत या खुणा नाहीत, त्यामुळे तुमच्या रिपोर्टात त्या नाहीत म्हणून काही राहून गेलं असं समजू नका, आणि त्यासाठी पुन्हा बायोप्सी मागू नका. त्या पोराला आणखी एक टाका कशाला?

बेदाणा
२२ ऑगस्ट, दुपारी ३:३०

नाही देत. भाऊजींनाही वाचायला पाठवलं. ताई, माफ करा, विचार न करता लिहिलं.

कृष्णाकाठची
२२ ऑगस्ट, रात्री १०:५०

माफी कसली बेदाणाताई, तुम्ही विचारलं म्हणून मला हे सगळं कळलं. मीही कधीतरी रात्री ती पावडर शोधलीच असती.

बालवाडीच्या बाईंना उद्या कागद देणार आहे. त्यात लिहिलंय : उन्हात पळापळी नको, पाठ चोळायची नाही, माशी चावली तर लगेच फोन, आणि घरून आणलेल्याशिवाय कुठलंही औषध नाही. हा संसर्ग नाही हे सगळ्यात वर लिहिलंय, कारण गेल्या महिन्यात एका पालकांनी त्याच्या शेजारी बसायला नको म्हणून सांगितलं होतं. तो घरी येऊन म्हणाला, “आई, मी चिकटतो का?”

माहुलीची आजी
२३ ऑगस्ट, सकाळी ६:००

त्याला सांग, चिकटतोस तो फक्त आईला.

चड्डीचं इलॅस्टिक सैल कर. माझ्या लेकीला कमरेच्या ओळीत सगळ्यात जास्त उठायचं. नाडी बरी.

कृष्णाकाठची
१ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय, बातमी द्यायची होती.

डॉक्टरबाईंना भेटले. डाग लहानमोठे, वेडेवाकडे प्रकारातले आहेत. पोट तपासलं, यकृत-प्लीहा हाताला लागत नाही, म्हणजे वाढलेली नाही. ट्रिप्टेज आता वर्षाने बघू म्हणाल्या. मी त्यांना म्हाताऱ्या पेशींचं विचारलं, तर खुर्ची पुढे ओढून दहा मिनिटं बोलल्या. तिळाचंच उदाहरण त्यांनीही दिलं. मधमाशीचा कागद लिहून दिला, मात्रेसकट. तो फ्रिजवर चिकटवलाय, एक प्रत सासूबाईंच्या पिशवीत.

आणि दिवाळी. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. सासूबाईंनीच मार्ग काढला. तेल हाताने पसरलं, दाबलं नाही. उटणं पाण्यात कालवून फक्त तळहाताला आणि तळपायाला लावलं, जिथे एकही डाग नाही. कोमट पाण्याचे तांबे. पाटावरून उठला तोवर अंगावर एक गांधी नव्हती. सासूबाई कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आल्या. पहिल्या वर्षी त्यांनीच मावशींना जोरात चोळायला सांगितलं होतं, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला पाठीचा फोटो काढते, शेजारी पाच रुपयांचं नाणं धरून. आज काढला. सगळ्यात पहिला डाग, उजव्या खांद्याखालचा, हाताला पूर्वीसारखा उंच लागत नाही. काल चुकून टॉवेल घासला गेला, बाकीचे दोन फुगले, तो उशिरा आणि थोडाच फुगला. बाकी सगळे जसेच्या तसे आहेत, एक नवीनही दिसतोय मांडीवर.

स्लाइडखाली
१ नोव्हेंबर, दुपारी २:००

वाचून फार बरं वाटलं. एका डागावरून काही ठरवू नका, पण फोटो चालू ठेवा. त्याच खिडकीशी, त्याच वेळेला काढा, म्हणजे उजेड बदलणार नाही. आणि नवीन डागाची तारीख मागे लिहून ठेवा.

कृष्णाकाठची
१ नोव्हेंबर, दुपारी २:२५

लिहिली. पूर्वेची खिडकी, सकाळी साडेआठ. एक डिसेंबरला पुन्हा येते.